आधी पत्र, मग कोश

—‘टिकनरने कॉप्सचं रान मारलं, म्हणून शेजारणीनेच पत्र—’ एवढंच कानावर आलं बघ तुझ्या वडिलांबद्दल, गिलियन, आज सकाळी पावाच्या दुकानात. मला पाहिलं नि बोलणाऱ्या दोघी पाव निवडायला लागल्या. म्हटलं, तू वडिलांचा कोयता न्यायला आलीयेस, तर तुझ्या कानावर माझ्याच तोंडून जाऊ दे. ये, कुंपणाशी ये. हो, पत्र लिहिणारी शेजारीण मीच. वनखात्याच्या कचेरीला. गेल्या नोव्हेंबरात. अगं, लंडनहून येऊन सहाच वर्षं झालेली मला — रानात दर हिवाळ्यात एकेका पट्ट्याची तोडायची पाळी असते, हे मला काय ठाऊक? आणि गेल्या वर्षी पाळी आली नेमकी माझ्या कुंपणालगतच्या पट्ट्याची. सकाळी पडदा सारते तर काय — हेझलची दाट झाडी जमिनीसरशी, नुसते बुंधे! तशीच बसले नि दोन पानं खरडली. ‘म्हातारा रान संपवतोय.’ असंच लिहिलं, शब्दन् शब्द. त्यांना विचारायचं होतं ना? विचारायचं होतं. साध्या दोन पावलांवर दार. साहेब आला, चौकशी संपेपर्यंत कोयता बंद म्हणाला, नि तुझे वडील अख्खा हिवाळा खिडकीत बसून राहिले. मार्चमध्ये तू त्यांना तुझ्या घरी घेऊन गेलीस, तेव्हा हात हलवायलाही मी बाहेर आले नाही.

मग लायब्ररीत गेले, जाड कोश काढला. सहा वर्षं माझ्या पत्त्यात ‘कॉप्स लेन’ लिहितेय — आणि त्या शब्दाचं मूळच म्हणे तोडणं! फ्रेंचांकडून आलेला, तोडायचं, म्हणजे पुन्हा दाट फुटतं, ते कॉप्स. आधी पत्र, मग कोश — असली शहाणी मी! आणि आता बघ ना तिकडे — एकेका बुंध्याला वीस-वीस कोंब, कमरेएवढे. मेलंय कुठे? दुकानातल्यांचं तेवढं खोटं. पत्र माझं, तेवढं खरं.

त्यांना सांगशील? म्हणजे… पत्र माझं होतं हे—

काय? माहीत आहे? कधीपासून? साहेबाने दाखवलं — नोव्हेंबरातच? अक्षर ओळखलं त्यांनी?

नाही गं, कसं शक्य आहे. फेब्रुवारीत तर नेहमीसारखी काठ्यांची मोळी ठेवून गेले होते दारात, जुन्या साठ्यातली. ‘काय बाई, वाटाण्यांना पुरतील ना?’ म्हणाले. मी हो म्हटलं. हे बघ — वेल चढलेत त्याच काठ्यांवर—

जा तू, गिलियन. जा. कोयता पुसून ने, गंजेल.