पाखरीनं चारा सोडला नव्हता

नमस्कार. काका, काकू, बचत गटातल्या सगळ्या ताया, आणि बोथहून आलेले आत्याच्या यजमानांचे, आमच्या मामाजींचे, कचेरीतले जुने सोबती. मी उभी तर राहिले आहे, पण सुरुवात कुठून करावी ते सुचत नाही. आत्या असती तर म्हणाली असती, "बोलायचं आहे तं बोल, नाई तं बस. अशी मधात लटकून राहू नको." म्हणून बोलते.

आत्याविषयी बोलण्याआधी मला एक दुरुस्ती करायची आहे. ती आधी केली नाही तर पुढचं काहीच नीट सांगता येणार नाही.

आत्या गेली त्या दिवशी मी एक मजकूर लिहिला होता. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो वाचला असेल, पुढं पाठवलाही असेल. "मालकीण गेली आणि पाखरीनं चारा सोडला." सोबत फोटो होता. गोठ्यात मान लांब करून उभी असलेली पाखरी, आणि समोर न खाल्लेली कडब्याची पेंढी.

ते खरं नव्हतं. पाखरीनं चारा सोडला नव्हता.

शेजारच्या यमुनाकाकूंनी तो फोटो पाहिला आणि मला विचारलं, "पेंढी कोनं टाकली वं इतक्या दूर? तिचं तोंड पुरते का तिथं?" मी फोटो मोठा करून पाहिला. दावं ताणलेलं होतं. गाय पेंढीकडं ओढ घेत होती. त्या सकाळी घरात रडारड चाललेली. गोठ्यात डोकावायचं कोणाला सुचलं नाही. पाखरी उपाशी होती, एवढंच. काकूंनी पेंढी पायानं सरकवली आणि ती मुकाट्यानं खायला लागली.

मी भूक पाहिली आणि दुःख लिहिलं.

आता आत्याविषयी. मला अक्षरं आत्यानं शिकवली. गावातल्या शाळेत तेलुगू होतं, आणि बाबांना वाटत होतं की पोरीला आधी घरची भाषा यावी. म्हणून चौथीपर्यंत माझी शाळा म्हणजे आत्याची ओसरी. तिनं मला एकच शिस्त लावली. बाजारातून आले की ती विचारायची, "काय पाह्यलं?" मी म्हणायचे, "एक माणूस रागावला होता." ती म्हणायची, "राग तुले दिसला का? तोंड दिसलं असंन. तोंड कसं होतं ते सांग. राग मंग सांगजो." तिच्याकडं शिकलेल्या मुलीनं तो मजकूर लिहिला.

तिची वेबसाइट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणांचे आवाज तिच्यावर आहेत. गावोगावची माणसं आपल्या गुरांना जी हाक मारतात ती आत्या फोनवर टिपून आणायची. प्रत्येक घराची हाक निराळी. ती म्हणायची, ट्रॅक्टर आले, गुरं चालली, गुरांमागं ह्या हाकाही जातील. आणि हाक काही लिहून ठेवता येत नाही.

साइट तिनं उभी केली, पण तिच्यावर कोणी येत नव्हतं. ते काम मी अंगावर घेतलं. हाकांचे छोटे तुकडे केले, रील बनवल्या, गटागटांवर पाठवल्या. मग बुकमार्किंगच्या साइट शोधल्या. तिथं लोक आपल्याला आवडलेल्या पानांचे दुवे जपून ठेवतात, त्यांना चिठ्ठी लावल्यासारखे एक-दोन शब्द जोडतात, आणि ते दुसऱ्यांनाही दिसतात. आत्याला हे समजावून सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे पोथीत पान सापडावं म्हणून दोरा ठेवतो तसं? फक्त पोथी आपली आन् दोरा दुसऱ्याचा."

मी चिठ्ठ्या अगदी जपून लावायचे. मराठी. गुरं. हाक. आदिलाबाद. त्याहून एक शब्द जास्त नाही.

पण दुवा एकदा दुसऱ्याच्या हातात गेला की चिठ्ठी त्याची. आत्याची स्वतःची हाक सगळ्यांत जास्त पसरली. तुम्ही ती ऐकली आहे. संध्याकाळी गोठ्याच्या दारात उभी राहून ती पाखरीला मारायची ती. "ये वं, ये. दिवे लागले." शेवटचा स्वर लांबवलेला, खाली उतरत जाणारा. कोणीतरी तिच्यावर "झोप लागण्यासाठी" असं लिहिलं. कोणी "आईची आठवण". ज्यांना मराठीचा एक शब्द येत नाही अशी माणसं रात्री ती हाक कानाशी लावून झोपायला लागली. मी आत्याला हे दाखवलं तेव्हा ती पदरात तोंड घालून हसली. "इतक्या लोकांले मी बोलावून राह्यली, आन् खरंच आले तं चहा कोन करंन?"

ती गेली, आणि खरंच आले.

माझ्या मजकुरामुळं आले. हाक आधीच सगळीकडं होती, मी तिला गोष्ट जोडून दिली. जुन्या दुव्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या. एके ठिकाणी मी पाहिलं, आत्याच्या हाकेखाली लिहिलं होतं, "मेलेल्या बाईची हाक." त्या चिठ्ठीखाली तो दुवा सगळ्यांत जास्त जणांनी जपून ठेवला होता.

लोक मोठ्या रस्त्यावरून गाड्या वळवून यायचे. "इदेना आ आवु?" हीच का ती गाय, असं विचारत अंगणात शिरायचे. मग फोन काढायचे आणि हाक वाजवायचे. गाय काय करते ते त्यांना टिपायचं असायचं.

गाय काय करते? मी पाहिलं तेवढंच सांगते. पाखरी तोंडातला घास टाकते. कान पुढं करते. मग आवाजाच्या दिशेनं चालते, दावं पुरेल तिथवर. तिथं उभी राहून हंबरते. आणि थांबते. ते लोक गेल्यावरही तशीच थांबते. चारा तिथंच पडलेला असतो, पण ती त्याच्याकडं पाठ करून असते.

एक माणूस आला होता. एकटाच. त्यानं फोन काढला नाही. पायरीवर बसला आणि मामाजींना हिंदीत म्हणाला, "रोज नींद में बुलाती थीं. तो आ गया." मामाजींनी त्याला चहा दिला. चहा पिऊन तो हात जोडून निघून गेला. मामाजी तुमच्यासमोर बसले आहेत, विचारा. कप विसळून झाल्यावर ते मला म्हणाले, "तिनं बोलावलं म्हणून आला. मंग मी कोन नाई म्हनणारा?"

मला त्या दिवसापासून नीट झोप लागत नाही.

कारण ती हाक आता कुठूनही येते. बसमध्ये कोणाच्या फोनवर येते. बोथच्या बाजारात कापसाच्या गाडीवर बसलेल्या पोराच्या खिशातून आली. मी आज ज्यांच्यासमोर बोलते आहे त्यांच्यातल्या दोघांची ती रिंगटोन आहे. मी नावं घेणार नाही. तुम्ही ती प्रेमानं ठेवली आहे हे मला माहीत आहे.

एक संध्याकाळ सांगते. मी जवळपासचे सगळे फोन बंद केले आणि पाटावर मांडून ठेवले. माझा, मामाजींचा, यमुनाकाकूंचा. बंद म्हणजे पूर्ण बंद. मग पाखरीजवळ जाऊन बसले. ती खात होती. दिवेलागणीला तिनं मान वर केली. कान पुढं झाले. तोंडातला कडबा खाली पडला. ती शेताच्या बाजूला वळली आणि हंबरली, आपल्याला कोणी बोलावल्यावर आपण "आले" म्हणतो तसं.

मी कान देऊन ऐकलं. मला काही ऐकू आलं नाही.

दूरच्या रस्त्यावर एखाद्या ट्रकात वाजलं असेल. गाईला आपल्यापेक्षा लांबचं ऐकू येतं. असंच असेल. पण मी पाहिलं ते आधी सांगितलं, वाटलं ते नंतर. यमुनाकाकू दारातच थांबल्या. म्हणाल्या, "तू आत ये बाई. आत ये आधी."

पाखरी गाभण आहे. दिवस भरत आलेत. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, रोग काही नाही, पण ती खात नाहीये. वासराला पुरेल एवढंही खात नाही. तिला कोणी सारखं उठवू नका. तुम्ही येताना गोठ्यात पाहिलं असेल. तिच्या फासळ्या दिसतात.

म्हणजे मी लिहिलेलं खोटं आता खरं होत आलं आहे. मालकीण गेली आणि पाखरीनं चारा सोडला. मी लिहिलं तेव्हा तिनं सोडला नव्हता. मी लिहिल्यामुळं ती सोडते आहे.

मी खुलासा लिहिला. फोटोत दावं कसं ताणलेलं आहे ते खूण करून दाखवलं. तो कोणी पुढं पाठवला नाही. एकानं खाली लिहिलं, "ताई, भावना समजून घ्या." मग मी मामाजींना म्हटलं, साइटवरून आत्याची हाक काढून टाकते. बाकीच्यांच्या हाका राहतील, फक्त ती काढते. मामाजींनी माझ्या हातून फोन घेतला. मग म्हणाले, "काऊन? घरात तिचं लुगडं आहे, चष्मा आहे. बोलते फक्त ते एक. तेही काढून राह्यली?"

मी ती काढली नाही. आणि काढून होणार तरी काय होतं? आमच्या पानावरून गेली तरी लोकांच्या फोनांत आहेच.

वाट दाखवली ती यमुनाकाकूंनी. त्या म्हणाल्या, "तिची हाक कोनाले दिलीच नाई ना. जनावर विकलं तं आमी काय करतो?" तुम्ही जाणते लोक हे करत आला आहात, मला ठाऊक नव्हतं. जनावर दुसऱ्या घरी गेलं की जुना धनी काही संध्याकाळी तिथं जातो. नव्या धन्याबरोबर उभं राहून हाक मारतो. आधी जुना आवाज मोठा, नवा बारीक. मग नवा मोठा. मग एका संध्याकाळी जुना धनी गप्प उभा राहतो, आणि जनावराच्या देखत पाठ फिरवून निघून जातो. ते त्याला दिसावं लागतं.

पाखरीला हे दिसलंच नाही. आत्याला पुढच्या दारानं नेलं. गोठा मागं आहे.

आत्या आता येऊ शकत नाही. पण तिचा आवाज येऊ शकतो. मामाजींनी फोन हातात धरायचा, हाक एकदाच वाजवायची, आणि बरोबर स्वतः हाक मारायची. नवी, त्यांची. अडचण एकच होती. मामाजींनी जन्मात गाईला हाक मारलेली नाही. सगळी नोकरी कोर्टाच्या कचेरीत गेली. परवा त्यांनी पहिल्यांदा मारली, तर पलीकडून काका ओरडले, "मामाजी, गाईले बोलावून राह्यले का कोर्टात मुद्दालेहाचा पुकारा करून राह्यले?" हसा, मामाजीही हसले. पाखरीनं मात्र नव्या साहेबाकडं पाहावं तसं त्यांच्याकडं पाहिलं. ती आत्याच्या आवाजाकडं गेली. फोनपाशी. फोन मामाजींच्या हातात होता, म्हणून ती मामाजींपाशी गेली. तिनं त्यांचा हात हुंगला. काल त्यांची हाक जरा बरी होती. काल तिनं त्यांच्या हातून दोन घास खाल्ले, आणि दोन घास खाऊन परत शेताकडं पाहिलं.

हे जमायचं तर ती हाक दुसरीकडून कुठूनही यायला नको. म्हणून मी तुमच्याकडं मागणं घेऊन उभी आहे. रस्त्यावरच्या ट्रकवाल्याला मी थांबवू शकत नाही. पण तुम्ही या गावचे आहात. आत्याची हाक तुमच्या फोनातून काढून टाका. रिंगटोन बदला. कोणी गाडी वळवून आलं तर त्याला सांगा, गाय इथं नाही. हे खोटं सांगायला मी तुम्हाला सांगते आहे, आणि ते माझ्यावर राहू द्या.

मी स्वतःकडंही एक तुकडा ठेवणार नाही. ठेवला तर एखाद्या संध्याकाळी मी तो वाजवीन. मला माझी खात्री नाही. काल मामाजींना विचारलं, तुमच्या फोनातला? ते म्हणाले, "तोही काढ. नाई तं गाय शिकंन आन् मीच राह्यन शेताकडं पाह्यत."

आत्या, तू हाका जमवल्यास त्या जाऊ नयेत म्हणून. तुझीच हाक मी घालवणार आहे. तुला हे पटलं असतं का, ते मला माहीत नाही. पटलं असतं असं मी म्हणणार नाही. तुला माझा नमस्कार.

आता आपण सगळे थोडा वेळ शांत उभे राहू. हात जोडा, आणि त्याआधी फोन बंद करा. नुसता आवाज कमी करू नका, बंद करा. पाखरी इथून लांब नाही. या शांततेत जर ती हंबरली तर घाबरू नका, आणि कोणी तिला उत्तर देऊ नका. मामाजींना अजून काही संध्याकाळी हव्या आहेत, त्या मी त्यांना दिल्या आहेत. शेवटच्या संध्याकाळी ते फोन तिच्या देखत बंद करतील आणि पाठ फिरवतील, आणि त्याच वेळी मी साइटवरचं आत्याच्या हाकेचं पान काढून टाकीन. येत्या रविवारी.