बोथट कोयता

शहरातल्या कलासंग्रहालयात दर दोन महिन्यांनी प्रदर्शन बदलतं. या वेळी ते ऊसतोडीवर होतं, आणि दरसाल तोडीला जाणाऱ्या मायच्या हाताचं मी काढलेलं चित्र त्यात लागलं होतं. माझं पहिलंच. म्हणून मायला सोनपेठहून एसटीनं घेऊन गेले. वाटेत तीनदा बजावलं, "कशाला हात लावायचा नाही."

"कळतंय गं. मी काय लहान हाय का?"

दारातल्या वहीत सही करून मी वळते, तर मायनं भिंतीवरचा कोयता काढलेला! अंगठ्यानं धार बघत होती.

"माय, ठेव तो! माझं चित्र काढून टाकतील!"

"थांब गं जरा."

रखवालदार ओरडला, "ओ मावशी, खाली ठेवा!" तर माय कोयता घेऊन सरळ त्याच्याकडंच निघाली. लोक भिंतीला चिकटले. तो बिचारा मागं सरकत दाराला टेकला. मला वाटलं, आता पोलीसच येणार.

माय त्याच्यासमोर थांबली. "भाऊ, कानस हाय का? लय बोथट झालाय. असला कोयता ऊस सोडून बोट तोडतोय." तिनं डावा हात वर केला. करंगळीशेजारचं बोट अर्धंच.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझा नाही. माय अजून माझ्या चित्रापर्यंत पोचली नव्हती, आणि छान दिसावं म्हणून मी त्यात याच हाताची पाचही बोटं पूर्ण काढली होती.