टाकी आजच रिकामी करायची

हसा खुशाल, पण आधी ऐका. आमचे हे रेल्वेतून रिटायर झाले आणि त्यांनी कॅम्पर व्हॅन घेतली, आत संडास असलेली. आठवडाभर नैनीताल फिरून लखनौला परतलो, तेव्हा मी ठरवलं, संडासाची टाकी आजच रिकामी करायची. हातमोजे घातले, टाकीचा पाइप गटाराच्या चेंबरमध्ये सोडला आणि झडप ओढली. काहीच येईना! दोन बादल्या पाणी ओतलं, तर नुसतं पाणीच बाहेर आलं.

शेजारचे भैया म्हणाले, "भाभीजी, सब जम गया है, छोड़ दीजिए."

"छोडणार नाही," म्हटलं आणि काठीनं ढोसायला लागले.

तेवढ्यात हे चहा घेऊन आले. "अगं, टाकी रिकामीच आहे."

"रिकामी कशी? साफ करायच्या धास्तीनं मी ढाब्यांवर जात होते, पण तुम्ही?"

"गाडी उभी असताना संडास वापरायचा नाही, हा नियम जन्मभर पाळलाय मी. आणि चालत्या गाडीत मी स्टिअरिंगवर होतो."

मी हातमोजे काढले. "चावी द्या इकडे. गाडी मी चालवते, तुम्ही आत जाऊन बसा."