तोंडातला पदर

काय सांगू तुला बाळा, तू कालेजात शिकतीस, कागद घेऊन बसलीस, पण माझं सगळं आयुष्य बायांच्या बाळंतपणात गेलं, ते कागदावर कसं यायचं. माझा जन्म बिडकीनच्या बाजूच्या एका गावचा, नाव जुबेदा. बाप पिंजारी, गाद्या-रजया भरायचा, त्याची कापूस पिंजायची तात वाजली की आख्ख्या आळीला कळायचं, बसला कामाला. घरात आम्ही दखनी उर्दू बोलायचो, दाराबाहेर मराठी, त्यात काय येगळं वाटायचं नाय.

मग ते दिवस आले. आधी रझाकारांचा कहर झाला, तो हिंदूंच्या घरांनी सोसला, मग पोलीस ॲक्शन झालं आन ते भ्या फिरून आमच्या दारात आलं. अब्बा पैठणच्या बाजाराला गेलते, ते परत आलेच नाय, आजतागायत नाय. अब्बांच्या वळखीचे एक शेतकरी होते, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, त्यांनी अम्मा, माझी थोरली बहीण हलीमा आन मी, अशा तिघींना कडब्याच्या गाडीत दडवून आपल्या गावी नेलं आन लोकांना सांगितलं, या माझ्या बायकोच्या नात्यातल्या, वऱ्हाडाकडच्या, बोली जरा येगळी हाय. अम्मानं कपाळाला कुंकू लावलं. हलीमाची कमळ झाली, माझी शांता. हलीमाचा नवरा शहरातल्या छावणीत हमाली करायचा, तो बी दुसऱ्याच नावानं, मधूनमधून येऊन जायचा. अम्मा म्हणली, आजपास्नं दखनी नाय, घरात बी नाय, झोपेत बी नाय. जात्यावर तिची लई गाणी असायची, ती बी बंद, नुसती घरघर. मी तर झोपताना गोधडी तोंडात धरायची, सपनात काय बोलले तर.

वर्ष झालं असंल, शहरातून दोन बाया यायला लागल्या, एक नर्सबाई आन एक शिकवणाऱ्या बाई. हिंदूंची काय, मुसलमानांची काय, गावं उजाडलेली, बाया खंगलेल्या, औषधाला बी कुणी घराबाहेर पडंना, म्हणून कुठल्याशा महिला केंद्रानं त्यांना पाठवलेलं. आमच्या घराला लागून चावडीची खोली होती, तिथं सकाळी दवाखाना, दुपारी बायांचा वर्ग. बाईंनी पाटी दिली, म्हणल्या, पहिलं आपलं नाव लिहायचं. मी शांता लिहिलं. अजून बी शांता एका दमात लिहिते बघ, जुबेदा लिहायला थांबावं लागतं.

वर्गात माझ्या शेजारी गयाबाई बसायची. म्हातारी, तोंडानं फटकळ. बाईंना म्हणायची, माझं नाव मला ठावं हाय, ते लिहून कुणाला दाखवू, म्हशीला? सगळ्या हसायच्या. पण तिचा थोरला लेक रझाकारांनी मारला होता, आन हसता हसता ती मधीच दाराकडं बघत ऱ्हायची, तवा मी माझी पाटी तिच्यापासनं जरा सरकवून घ्यायची. हिला कळलं तर? बाकी कुणाला नाय, हिला कळलं तर?

त्यातच हलीमाचे दिवस भरत आले. अम्मानं तिला एकच गोष्ट शिकवली, कळ आली की पदर तोंडात घाल. अम्मा म्हणायची, कळ आली की बाई आपल्या आईच्या बोलीत वरडती, ती बोली भिंतीपलीकडं जाता कामा नये. आन भर दुपारी, पलीकडं वर्ग चालू असताना, कळा सुरू झाल्या. नर्सबाई आली, तपासलं, हलीमाच्या तोंडातून हूं नाय की चूं नाय, नर्सबाई म्हणली, लई सोशिक पोर हाय, हिला अजून येळ हाय, मी वरच्या आळीचं तापाचं लेकरू बघून येते. दुसऱ्या बी बायांना ती असंच म्हणायची, या गावच्या बाया सोशिक. तिला काय ठावं बाळा, सोशिक नव्हतो आम्ही, भ्यालेलो होतो.

ती चौकात बी पोचली नसंल, हलीमाचे ओठ पांढरे पडले. खालचं गोधडं भिजलं, बघते तर रक्त. मी म्हणलं अम्मा, नर्सबाईला हाक मारू, अम्मा म्हणली थांब, बाया जमतील. मी हलीमाच्या तोंडाकडं बघितलं, पदराचा बोळा, वर नुसते डोळे. काय झालं मला ठावं नाय, मी तो बोळा वढून काढला आन म्हणलं, चिल्ला आपा, चिल्ला. आन ती वरडली, अगे अम्मा, मैं मरी, या अल्ला. भिंतीपलीकडं बाया अक्षरं म्हणत होत्या, त्या एकदम थांबल्या.

नर्सबाई पळतच आली, बाळ आडवं होतं, म्हणली, अगं येडे, आधी का नाय वरडलीस? आन दारात गयाबाई, हातात पाटी. अम्मानं तिचे पायच धरले. गयाबाई म्हणली, पाय सोड. वरीसभर मुकी दळतीस, एक ओवी नाय तोंडात, वऱ्हाडातल्या बाया काय मुक्या असत्यात व्हय? आमाला काय आजच कळलं? ऊठ, पाणी तापव. अम्मा तिथंच बसून ऱ्हायली, शेवटी चूल गयाबाईनंच पेटवली. हलीमा वाचली, पोरगी झाली. नर्सबाईनं पोरगी गयाबाईपुढं धरली, तर तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. पाणी तापवलं, राख सारली, सगळं केलं, पण बाळ हातात घेतलं नाय. पाटी उचलली आन गेली.

अम्मानं तवाच गठुडं बांधलं. तिचं म्हणणं, या बायांना इतके दिवस ठावं होतं, म्हणजे त्या कवा बी सांगू शकत होत्या. कुणी सांगितलं नाय. तरी गठुडं दाराशीच, त्यातनंच रोजचं लुगडं काढायची आन परत गाठ मारायची, मरेपर्यंत.

नर्सबाईनं मला हाताखाली घेतलं, म्हणली, भ्यालेली बाई भ्यालेलीला वळखती. पुढं आम्ही शहरात आलो, उस्मानपुऱ्यात, आन मी सुईणपणच केलं. घर कुणाचं बी असू दे, बाईला पहिलं सांगायची, वरड, लाजू नको, वरड.

आन मागच्या साली माझ्याच नातसुनेला दवाखान्यात नेत होतो. रस्त्यात मिरवणूक, घोषणा, रिक्षा अडकली. तिला कळ आली, ती अम्मी म्हणून वरडली, आन माझा हात, हा बघ, हाच हात, तिच्या तोंडावर गेला. तिनं झटकला, म्हणली, दादी, दम घुट रहा. रिक्षावाला मागं वळला, म्हणला, आजी, वरडू द्या की तिला, हॉर्न दाबून माझा अंगठा मोडला, तिच्या आवाजानं तरी वाट मिळंल. मिळाली बी. पण मी तोवर पदरात हात लपवून बसले, तो परत उठू नये म्हणून.

झालं, एवढंच हाय माझं. अल्ला तुला लई शिकवो. तुझ्या घरी लेकरू जल्मलं तर आख्ख्या आळीला ऐकू जाऊ दे. आन जाताना दार जरा हळू लाव बाळा, वाजवू नको.