सोमवारचा धूर

(न्यूझीलंडमधलं एक छोटं बंदर, १८७८. नगरपालिकेच्या मतदानाचा दिवस. लोकांची धुणी धुणाऱ्या विधवा डनफीबाई अंगणात कपडे वाळत घालताहेत. कुंपणापाशी मत मागायला आलेले उमेदवार, साबण कारखान्याचे मालक पेंगेली आणि त्यांची पंधरा वर्षांची लेक केझिया.)

डनफीबाई : गल्लीत दिवे नकोत मला. अंधार पडला की मी झोपते.

पेंगेली : मग पूल? निवडून आलो तर ओढ्यावर पूल...

डनफीबाई : पूल तुमच्या विरोधात उभा राहिलेला रॅटरेही देतोय. वर बिअर पाजतोय, गुत्ताच आहे त्याचा.

केझिया : बाबा, पुलाचं काढू नका म्हटलं होतं ना.

पेंगेली : तू गप गं. बाई, घरपट्टी भरतात म्हणून मत असलेल्या या गल्लीत तुमच्यासकट अकरा विधवा. बाकीच्या दहाही जणी तुमच्याकडे बघून मत देतात. तुम्हाला नेमकं हवंय काय?

डनफीबाई : वर बघा.

पेंगेली : आभाळ?

डनफीबाई : तुमचं धुराडं. आज वार कोणता?

केझिया : सोमवार.

डनफीबाई : अख्खं गाव सोमवारी धुणं काढतं. माझ्या आईच्या आईपासून हेच चालत आलंय. आणि नेमकी सोमवारीच तुम्ही चरबी उकळता. ही चादर सकाळी पांढरी होती.

पेंगेली : माझा तरी काय इलाज? खाटीक जनावरं कापतात शनिवारी. रविवारी भट्टी पेटवली तर पाद्री मला चर्चची पायरी चढू देणार नाही. उरला सोमवार.

केझिया : चरबी मीठ लावून मंगळवारपर्यंत ठेवायची. नाताळात ठेवली होती, काही बिघडलं नाही.

पेंगेली : केझी, तू कोणाच्या बाजूची?

केझिया : तुमच्याच, म्हणून तर बोलतेय. सतरा वर्षांपूर्वी एक कढई घेऊन कॉर्नवॉलहून आलात, तेव्हा साबणाची पहिली वडी कोणी घेतली? रोज जेवताना सांगता की.

पेंगेली : ...डनफीबाईंनी.

डनफीबाई : हाताची सालं निघाली. तरी दुसरी घेतली.

पेंगेली : बरं, दिला शब्द. निवडून आलो की सोमवार बंद.

डनफीबाई : 'निवडून आलो की' रॅटरेकडेही भरपूर आहे. मतदान चारला संपतं. धूर आत्ता थांबला, तर आम्ही अकरा जणी टोप्या घालून मत द्यायला निघतो.

पेंगेली : आत्ता? अहो, घाणा अर्धा शिजलाय. आग विझवली तर आठवड्याचा माल मातीत जाईल.

डनफीबाई : जाईल.

केझिया : बाबा, पावणेतीन झाले. मागच्या वेळी किती मतांनी पडलात?

पेंगेली : नऊ. ...हा कोट धर.

डनफीबाई : अगंबाई, खरंच पळतोय की. या वयात.

केझिया : मुकादमाला सांगायचं सोडून स्वतःच बादल्या ओततील बघा.

डनफीबाई : तुला मत असतं तर कोणाला दिलं असतंस?

केझिया : मत कसलं, मी उभीच राहिले असते.

डनफीबाई : बापाला सांगितलंस हे?

केझिया : आधी ते तर निवडून येऊ देत. बघा, धूर पातळ झाला.

डनफीबाई : थांबलाच. तो नाताळ सोडला तर सतरा वर्षांत पहिला बिनधुराचा सोमवार.

केझिया : आले बाबा. अहो, भुवया कुठे गेल्या तुमच्या?

पेंगेली : विझली एकदाची. घाण्याचा नुसता धोंडा झालाय. आता निघा बाई, सव्वातीन झाले.

डनफीबाई : टोपी घेते आणि बाकीच्यांना हाक मारते.

पेंगेली : पण मत मलाच ना?

डनफीबाई : ते पडद्याआड असतं, पेंगेलीसाहेब. तिथे हौदात पाणी आहे, वडीही तुमचीच आहे. तोंड स्वच्छ धुवून घ्या. संध्याकाळी निकालाला सगळं गाव त्याच्याकडेच बघणार आहे.