मेहुण्याला लागू पडलेल्या गोळ्या

...आणि वर ती नर्स मलाच विचारते, "मामा, झोप लागते का? मन कशात रमतं का?" आता मला सांगा, बोट टोचलं, रक्त काढलं, साखर वाढलेली दिसली, तर साखरेचं बोला ना! माझ्या मनाची चौकशी कशाला? तुम्हाला सांगतो, यात काहीतरी काळंबेरं आहे.

वासिती तिचं नाव, आमच्याच गावची पोर. "गोळ्या घेता ना?" म्हटलं, घेतो. घेतो म्हणजे... दवाखान्यातून घेतो. पुढं त्यांचं काय होतं, ते हिला कुणी सांगितलं? माझ्या बहिणीनं? गावच्या पाद्र्यानं?

त्याचं असं आहे, मी पलीकडच्या बेटावरच्या दवाखान्यातून गोळ्या घेऊन लाँचमधून उतरलो की घरी चटईवर इलिएसा हजर. माझ्या बायकोचा भाऊ. "दाजी, मलाही साखरच आहे, पण लाँच लागते हो मला, ओकाऱ्या होतात. द्या की तुमच्यातल्या." आता आमच्या फिजीत मागितल्यावर नाही म्हणायची सोय आहे का? शर्ट मागितला, दिला. डुक्कर मागितलं, दिलं. गोळ्यांनाच नाही कसं म्हणू? पण मी आलो हे याला दर वेळी कळतं कसं? काळंबेरं, दुसरं काय!

खरं सांगू? द्यायला जडही गेलं नाही. बायको, आकेनेता, होती तेव्हा चहाआधी हातावर गोळी ठेवायची, गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. ती गेली... मग कुणासाठी गिळायची? थोरल्या भावाचा पाय याच साखरेपायी सुवाच्या मोठ्या दवाखान्यात कापला, माहीत आहे मला. माझा अंगठा काळा पडतोय, तोही दिसतो. पण सकाळी उठावंसंच वाटत नाही, तिथं गोळी कुठली? हे मी कुणाला बोललो नाही, आणि वासिती नेमकं तेच विचारते.

मग तिनं गावात येऊन इलिएसाचं रक्त तपासलं. साखर एकदम ताळ्यावर! "बघा, याला म्हणतात नियमानं औषध घेणं," सगळ्या गावासमोर. आणि हा माझ्या गोळ्यांवर सुधारलेला माणूस, माझ्या चटईवर, माझाच कसावा खात मला म्हणतो, "दाजी, तब्येतीची हेळसांड करू नये. ताई रागावली असती." मग आवाज उतरला त्याचा. "उद्यापासून रोज सकाळी येतो. तुम्ही गिळेपर्यंत हलणार नाही."

आता हा रोज का येणार? नाश्त्याला? की वासितीनं धाडलाय? काहीतरी काळंबेरं आहेच... पण अंगठा माझा आहे. आज सकाळी आला. डबीत बघितलं तर माझ्याकडं एक गोळी नाही. काय करणार? हात पसरला आणि म्हटलं, "इलिएसा, तुझ्यातली एक दे की."