चांगल्या डोळ्यावरची पट्टी

(निजामाच्या अमलातलं, केजजवळचं एक खेडं. मेंढपाळाची सून केसरबाई आपल्या चार वर्षांच्या लेकीला, अंजनाला, मोमिनाबादच्या दवाखान्यात दाखवून आत्ताच परतलीय. सासू छबुबाई चुलीपुढून मान वर करत नाही. विचारायचं तिच्या जिवावर आलंय.)

केसरबाई : तिरळा डोळा आणखीच मंदावला म्हनला डागदर. चांगला झाकला तरच तिरळा कामाला लागंल. मी म्हनलं, तुमी मागं सांगितल्यापासनं रोज चांगलाच बांधून मेंढरामागं जाते.

छबुबाई : मंग?

केसरबाई : मंग त्यानं पोरीलाच इचारलं. आजी पट्टी तिरळ्यावर सरकवती म्हनली.

छबुबाई : सरकवत व्हते. तू वढ्यापल्याड गेली की.

केसरबाई : कावून, आत्याबाई?

छबुबाई : लेकरू भिताडाला धडकायचं गं. मेंढराची तंगडी मोडली तर मोडलीच बांधतो ना आपन? धडधाकट कोन बांधतं?

केसरबाई : मला सांगायचं व्हतं.

छबुबाई : आन् तिचा गाल उडायचा. माज्या थोरल्या पोराचा असाच उडायचा. अंगावर पीत व्हता तवा. उडत उडतच गेला.

केसरबाई : हे मला कुनी सांगितलं न्हाई.

छबुबाई : काय सांगायचं? पट्टी सरकवली की हिचा गाल गप व्हायचा. वाटायचं, वाचवलं लेकराला. मीच घालवला का गं डोळा?

केसरबाई : पुरता गेला न्हाई. पर आता दिसभर बांधायची. तिरळ्यानं बगाया जोर लावती म्हनून गाल उडतो, त्याला भ्यायचं न्हाई म्हनला.

छबुबाई : मला नगं ठिवू तिच्यापाशी. माज्या हाताचा मलाच भरोसा न्हाई. मी जाते मेंढरामागं, तू घरी ऱ्हा.

केसरबाई : ह्या गुडघ्यांनी? आन् माजा तरी कुठं भरोसा हाय? डागदरनं बांधलेली पट्टी वाटंत दोनदा सोडली मी.

छबुबाई : तू?

केसरबाई : रडत व्हती. मला बी बगवंना. म्हनून तर आता उघडी हाय. या हिकडं. मी डोकं धरते, गाठ तुमी मारा.

छबुबाई : चांगल्यावरच ना?

केसरबाई : चांगल्यावरच.

अंजना : आजे, समदं धुरकट दिसायलंय.

छबुबाई : दिसू दे माय. हितंच हाय मी, तुज्या म्होरं.

अंजना : मंग तू रडायलीस कावून?